आठवा फोटो

फोनच्या पडद्यावर सात फोटो होते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर कोल्हापुरी चपलांचा एक जोड: समोरून, वरून, दोन्ही बाजूंनी, गोंडा जवळून, मग कुणाच्यातरी मेंदी काढलेल्या पायात आणि शेवटी समईशेजारी झेंडूच्या पाकळ्यांत. खाली ‘हॅण्डमेड’, ‘प्युअर लेदर’, ‘अस्सल कोल्हापुरी’ आणि किंमत ६९९ रुपये. बोट पुढं सरकत राहिलं, सातवा फोटो संपला आणि पुन्हा पहिला आला. सातांपैकी एकाही फोटोत चपलेचा तळ नव्हता.

एवढीशीच गोष्ट, पण ती मनातून जाईना.

कोल्हापुरात चप्पल लाईनीत जरा वेळ उभं राहून बघा. घोसांसारख्या लटकवलेल्या जोडांतून गिऱ्हाईक एक जोड हातात घेतं आणि सगळ्यांत आधी तो उलटा करतं. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं. तळ बघायचा, टाचेच्या कडेवरून नख फिरवायचं, नाकाशी न्यायचं, मग दोन्ही पायताणं तळाला तळ लावून एकमेकांवर आपटायची. आवाज भरीव आला तर ठीक. पोकळ आला तर थर नीट ठोकलेले नाहीत, नाहीतर मधे भलतंच काहीतरी भरलंय. वेणी, गोंडा, जर, रंग यांची पाळी नंतर येते. दुकानात नजर तळाकडून वर चढते. पडद्यावर ती वरच राहते. फोनवर हस्तकला बघण्यात वाईट काही नाही. येवल्याची पैठणी, सावंतवाडीची लाकडी फळं, बिदरची सुरई हे सगळं एका संध्याकाळी डोळ्यांखालून घालता येतं, यासारखं सुख नाही. पण हातमागावरची पैठणी ओळखायची तर पदर उलटा करावा लागतो. मागची नक्षी पुढच्यासारखीच सफाईदार, लोंबते धागे नसलेली असावी लागते. आणि पैठणीचेही फोटो सगळे सुलट्या बाजूचेच असतात. वस्तू ज्या बाजूच्या जोरावर टिकते, ती बाजू कॅमेऱ्याला भावत नाही.

चपलेचा तळ म्हणजे एकच कातडं असं दिसतं, पण तसं नसतं. पायाला लागणारा वरचा थर, जमिनीला लागणारा खालचा थर, टाचेखाली एकावर एक आणखी तुकडे, आणि या दोन थरांच्या मधून दोन्ही बाजूंना बाहेर आलेले कान. आडवा पट्टा या कानांना शिवलेला असतो. अंगठ्याची कडी वरच्या थरातल्या चिरेतून खाली जाऊन अडकते. म्हणजे चालताना पायाचा सगळा ओढा कानांवर येतो, आणि कानांना धरून ठेवतात ते दोन थर. कान थरांच्या आत नीट खोल गेलेले नसले, नुसते कडेला चिकटवलेले असले, तर चप्पल पहिल्यांदा तिथंच सुटते. थर एकमेकांना शिवायचे ते कातड्याच्याच वादीनं. रापीनं कापायचं, आरीनं भोक पाडायचं, वादी ओवायची, दात खाऊन ओढायची. शिवण्याआधी कातडं ओलवतात. ओलं असताना ते मऊ पडतं, वादी त्यात रुतते आणि वाळताना सगळं मिळून आवळतं. मग दगडावर ठेवून हातोडीनं ठोकायचं, म्हणजे तंतू दाबून बसतात. ठोकण्यात कंटाळा झाला तर तळ पायाखाली पसरतो, कडा झालरीसारख्या बाहेर येतात, आणि जी चप्पल घेतली तेव्हा बरोब्बर होती ती एक नंबर मोठी वाटायला लागते.

खिळे मारले तर हेच काम मिनिटांत उरकतं. पण झाडाच्या सालीनं कमावलेलं कातडं आणि लोखंड यांचं पटत नाही. ओल लागली की सालीतलं टॅनिन, म्हणजे कातडं कमावणारं तुरट द्रव्य, आणि लोह यांचा संयोग होतो आणि निळसर काळा डाग पडतो. लोखंडाच्या गंजानं भोकाभोवतीचं कातडं ठिसूळ होत जातं आणि खिळा सैल पडतो. म्हणून जुन्या चपलेच्या तळावर काळी वर्तुळं दिसली तर समजावं, इथं खिळा आहे. हाच संयोग मुद्दाम घडवून पूर्वी कातडं काळं रंगवत असत. तेच रसायन एका ठिकाणी रंग असतं आणि दुसऱ्या ठिकाणी रोग.

मग कातड्याची जागा. म्हशीच्या कातड्यात पाठीचा भाग घट्ट आणि सारख्या जाडीचा, मानेकडं सुरकुत्या, पोटाकडं भुसभुशीत आणि ओढलं की लांबणारा. तळ पाठीतून निघाला पाहिजे. पट्टा कण्याच्या दिशेनं लांबीत कापला तर कमी ताणतो; आडवा कापला किंवा पोटातून काढला तर थोड्याच दिवसांत सैल पडतो. जोडीतले दोन पट्टे कातड्याच्या शेजारशेजारच्या जागेतून घेतले नाहीत, तर एक पाय घट्ट राहतो आणि दुसऱ्या पायातून चप्पल निसटत राहते. जाणता कारागीर कातडं अंथरून आधी नुसता हात फिरवत बसतो, ते यासाठी. यातलं काहीही फोटोत कळणार नाही, कारण फोटो नेहमी नव्या चपलेचा असतो.

आणि याच्याही आधी कातडं कमवावं लागतं. मीठ लावून आलेलं कातडं पाण्यात भिजवून मीठ घालवायचं. मग चुन्याच्या पाण्यात काही दिवस, केस सैल होईपर्यंत. केस आणि आतल्या बाजूचं मांस खरवडून काढायचं. मग चुना धुवायचा, आणि हे धुणं फार महत्त्वाचं, कारण आत चुना राहिला तर कातडं पुढं कडकडीत होऊन वरची त्वचा चिरते. त्यानंतर कुटलेली बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात ठेवायचं. सुरुवातीला मुद्दाम जुनं, कमजोर झालेलं पाणी वापरतात. पहिल्याच दिवशी तेज पाणी दिलं तर बाहेरचा थर झटकन कमावला जाऊन आवळतो आणि आत रस शिरायला वाट राहत नाही. हळूहळू पाणी तेज करत न्यायचं. मग कातडं पखालीसारखं शिवून चौकटीला टांगतात आणि त्या पिशवीत साल, हिरडा आणि त्यांचा काढा भरतात. काढा कातड्यातून पाझरून खाली ठिबकतो, तो गोळा करून पुन्हा वर ओतायचा. काही दिवसांनी पिशवी उलटी टांगायची, म्हणजे वरच्या भागालाही खालच्याइतकाच रस मिळतो. बाभूळ तांबूस रंग देते, हिरडा पिवळसर छटा आणि भरीवपणा. दोन्ही मिळून जो रंग येतो तोच कोल्हापुरी चपलेचा रंग, वरून काही न लावता. सगळं मिळून महिना-दीड महिना जातो. घाई केली तर कापल्यावर कडेत मधोमध फिकट रेघ दिसते. ती रेघ म्हणजे कच्चं राहिलेलं कातडं. पाणी लागलं की ते बुळबुळीत होतं आणि वाळलं की शिंगासारखं कडक होऊन तडकतं.

हा महिना तीस सेकंदांच्या रीलमध्ये मावत नाही.

रीलमध्ये काय दिसतं? वेणी. कातड्याच्या बारीक पट्ट्या भरभर एकमेकींत गुंतत जातात, बोटं सफाईनं फिरतात, मागं हलगी वाजते. वेणी सुंदरच असते, आणि ती घालणारे हात बऱ्याचदा बायकांचे असतात. वेणी, गोंडे, पट्ट्यावरची बारीक भोकं ही कामं घरात त्या करतात, तळाचं काम पुरुष करतात, अशी वाटणी पिढ्यान्‌पिढ्या आहे. त्या हातांना लोकांची दाद मिळते हे चांगलंच आहे. पण कॅमेरा चुन्याच्या हौदापर्यंत पोचत नाही. तिथं वास असतो, ओल असते, खरवडलेले केस असतात. आणि आणखीही एक असतं, जे आपण बोलत नाही: कातडं कमावणं ढोर समाजाकडं, चपला शिवणं चर्मकार समाजाकडं, आणि त्यांच्या वस्त्या गावापासून बाजूला. चप्पल सगळ्यांच्या पायात गेली, हौदाजवळ मात्र फारसं कुणी गेलं नाही. ज्या करवीर संस्थानात १९०२ साली राजर्षी शाहूंनी मागासलेल्या वर्गांसाठी नोकरीतल्या ५० टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच मातीतली ही कला आहे. तिचं कौतुक वेणीपाशी सुरू होऊन वेणीपाशीच संपावं, हे मला बरोबर वाटत नाही. हौदावर पाणी कधी तेज करायचं हे बोटांच्या चिमटीत कातडं धरून ओळखणारा माणूसही तेवढाच कलावंत आहे. हौद कमी होत चालले आहेत आणि बरंच कातडं आता बाहेरच्या राज्यांतून येतं; त्यामुळं ही चिमूटसुद्धा दुर्मीळ होत चालली आहे.

बाहेरून येणाऱ्यात क्रोमचं कातडं पुष्कळ. क्रोमियमच्या क्षारांनी कातडं एक-दोन दिवसांत कमावून होतं, मऊ राहतं, पाण्याला डरत नाही, रंग चटकन घेतं. बुटाला, पिशवीला ते उत्तम. पण कोल्हापुरीच्या तळाला लागतो तो ताठपणा आणि पायाचा आकार धरून ठेवायचा गुण त्याच्यात नाही. बाभळीच्या कातड्यावर महिन्या-दोन महिन्यांत टाचेचा, चवड्याचा, पाचही बोटांचा ठसा उमटतो आणि मग ती चप्पल दुसऱ्या कुणाच्या पायात बसत नाही. ओळखायचं कसं? कड कापलेली असेल तिथं बघावं. सालीचं कातडं आतून बाहेरून तांबूस, तंतुमय दिसतं; क्रोमचं बऱ्याचदा आतून निळसर करडं असतं. नखाएवढा तुकडा जाळला तर सालीचं कातडं काळं कोळशासारखं जळतं, क्रोमची राख हिरवट करडी पडते. रेक्झिन असेल तर कडेला कापडाचं अस्तर दिसतं आणि जळताना प्लास्टिकचा वास येतो. सर्वांत वाईट म्हणजे दोन थरांच्या मधे भरलेला पुठ्ठा. वरून खालून खरं कातडं, मधे पुठ्ठा. पहिल्या पावसाला तो फुगतो, थर सुटतात आणि वादी कापत जाते. तळाला तळ आपटून जो आवाज ऐकायचा तो यासाठीच. कापशी गावच्या चपलेची करकर वेगळी. थरांत बी घालून ती मुद्दाम आणतात, आणि वाड्याच्या चौकात माणूस दिसायच्या आधी त्याची चाल ऐकू येते.

आता हे सगळं फोनवरून कसं तपासायचं? आवाज नाही, वास नाही, वजन नाही. पण अगदीच हतबल व्हायला नको. पहिली गोष्ट, आवडलेल्या फोटोचा स्क्रीनशॉट घेऊन गूगल लेन्सवर टाकावा. तोच फोटो पाच नावांनी पाच किमतींना दिसला, तर तो तुम्हाला मिळणाऱ्या जोडाचा फोटो नाही. हातानं केलेला प्रत्येक जोड वेगळा असतो; कानाची उंची, टाक्यांमधलं अंतर, रंगाची छटा यांत थोडा फरक पडतोच, आणि तो दोष नव्हे. सगळे टाके तंतोतंत सारखे, मशिनीतून आल्यासारखे दिसले तर उलट शंका घ्यावी, कारण रबराच्या तळावर टाक्यांची नुसती नक्षी उमटवलेलीही मिळते. दुसरी गोष्ट, तीन फोटो मागावेत: तळाचा, टाचेच्या कडेचा अगदी जवळून, आणि कान जिथं थरांत शिरतो तिथला. उन्हात, फिल्टर न लावता, आजच्या वर्तमानपत्रावर ठेवून. जमलं तर चप्पल हातानं वाकवून सोडतानाचा दहा सेकंदांचा व्हिडिओ.

तिसरी गोष्ट मापाची, आणि ऑनलाइन घेतलेल्या बहुतेक चपला इथंच फसतात. बुटाचा नंबर सांगून भागत नाही. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कागदावर पूर्ण भार देऊन उभं राहावं आणि दुसऱ्या कुणाकडून पेन्सिल उभी धरून पायाची रेघ मारून घ्यावी. स्वतः वाकून मारली तर भार पुढं जातो आणि माप चुकतं. दोन्ही पायांची घ्यावी, कारण दोन्ही सारखे क्वचितच असतात. मग सुतळीनं अंगठ्याचा घेर आणि पट्टा जिथं येतो तिथला पावलाचा घेर मोजावा. पट्टा नवा असताना थोडा घट्टच हवा, तो पुढं ताणतो. अंगठ्याची कडी मात्र सुरुवातीपासून नीट बसली पाहिजे; ती चावायला लागली की माणूस चप्पल कोपऱ्यात टाकून देतो.

नवी चप्पल चावते हे खरंच, पण त्यालाही रीत आहे. पहिला आठवडा रोज संध्याकाळी तासभर घरात घालायची. पट्ट्याला आणि कडीला आतून एरंडेलाचं बोट फिरवायचं आणि रात्रभर मुरू द्यायचं. तेल पाजायचं म्हणजे बुडवायचं नाही. जास्त झालं तर पट्टा लोळागोळा होतो, पाय तेलकट होतात आणि धूळ चिकटून कातडं काळवंडतं. भिजली तर कोरड्या फडक्यानं टिपून सावलीत, वारा लागेल अशी उभी ठेवायची. चुलीपुढं किंवा कडक उन्हात वाळवली तर ती आकसते आणि परत सरळ होत नाही, कारण सालीचं कातडं उष्णता सोसत नाही. कोल्हापूरचा पाऊस लागला की ती पुसून, हलकं तेल लावून, कापडी पिशवीत माळ्यावर जाते. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली तर पंधरा दिवसांत पांढरी बुरशी. ती कोरड्या ब्रशनं झाडून जोड हवेशीर ठेवला की बहुतेक वेळा निभावतं.

नावाचंही बोललं पाहिजे. २०१९ साली कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेही दोन राज्यांतल्या आठ जिल्ह्यांना मिळून: इकडं कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडं बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर. काहींना ते खटकलं. मला ते योग्यच वाटतं, कारण चप्पल लाईनीत विकल्या जाणाऱ्या कितीतरी जोडांमागचे हात कर्नाटकातल्या अथणी-निपाणीकडचे आहेत आणि नाव तेवढं आपल्या गावाचं. मानांकन नावाला राखतं, आकाराला राखत नाही. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशनच्या मंचावर इटलीच्या प्राडा कंपनीनं तसाच आकार ‘चामडी सँडल’ म्हणून आणला, तेव्हा इथं केवढा राग उसळला. तो राग बरोबर होता. पण त्याच आठवड्यात, त्याच फोनवर, ‘अस्सल कोल्हापुरी’ या नावाखाली रेक्झिन विकलं जात होतं, आणि त्याच्याबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. इथं नाव आपलं होतं आणि आतलं कातडंच नव्हतं. मला यातलं दुसरं जास्त लागतं.

तर त्या सात फोटोंखाली विचारलं: तळाचा फोटो मिळेल का? उत्तर लगेच आलं, प्रॉडक्ट शंभर टक्के ओरिजिनल आहे म्हणून. फोटो आला नाही. मग तोच प्रश्न कोल्हापूरच्या सुभाषनगरातल्या एका घरगुती कारखान्याला केला, ज्यांच्या पानावर जेमतेम चार धूसर फोटो होते आणि किंमत जवळपास तिप्पट. दिवसभर काही उत्तर नाही. रात्री साडेनऊला एकच फोटो आला. वर्तमानपत्रावर उलटा ठेवलेला जोड, बल्बचा पिवळा उजेड, कोपऱ्यात टॅनिननं काळपटलेला अंगठा चुकून आलेला. खिळा नाही. वादीचे टाके ओळीत, पण टाचेजवळचा एक थोडा तिरका. कड तांबूस, मधे फिकट रेघ नाही. डाव्या चपलेचा कान उजव्यापेक्षा सुतभर लांब. मधल्या थरात काय आहे ते अर्थात यातही दिसत नव्हतं. फोटोखाली दोनच ओळी होत्या:

‘पायाचं माप कागदावर काढून पाठवा, दोन्ही पायांचं. पावसात घालणार असाल तर घेऊ नका.’